यवतमाळच्या हवेतली वीज

वीज म्हटली की यवतमाळकर मृगाच्या ढगांकडे पाहतो. पण वैशाखातल्या निरभ्र दिवशीही इथल्या हवेत वीज असते, आणि तिचा चढउतार ठरवणारी मुख्य गोष्ट पायाखालची जमीन आहे. विज्ञानाला हे उमगायला फार काळ लागला. विद्युतभार दिलेली वस्तू कितीही जपली तरी उघड्या हवेत भार हळूहळू गमावते, हे फ्रान्समध्ये कूलोमने 1785 मध्येच नोंदवले होते. हवेत धन आणि ऋण आयन सतत तयार होत असतात हे त्यामागचे कारण मात्र 1900 च्या सुमारास जर्मनीतील एल्स्टर-गाइटेल ही जोडी आणि केंब्रिजचे विल्सन यांनी दाखवले. पुढच्याच वर्षी एल्स्टर-गाइटेल यांनी ऋणभारित तार उघड्यावर टांगली, तेव्हा तिच्यावर किरणोत्सारी पदार्थ जमला. मातीतून निघून हवेत मिसळणाऱ्या रेडॉन वायूचा तो माग होता. रेडॉनचा एक अणू फुटला की त्यातून सुटणारा अल्फा कण हवेत काही सेंटिमीटरच जातो, पण तेवढ्यात दीड लाखांच्या आसपास आयनांच्या जोड्या घडवतो.

यावर पहिला आक्षेप इतिहासातूनच येतो. 7 ऑगस्ट 1912 रोजी व्हिक्टर हेस फुग्यातून पाच हजार मीटरांहून उंच गेले आणि वर जाताना आयनीभवन वाढते असे त्यांना आढळले. अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांचा हा शोध खरा, मग जमिनीला श्रेय कशाला? उत्तर उंचीच्या फरकात आहे. समुद्रसपाटीला विश्वकिरण दर सेकंदाला एका घन सेंटिमीटरमध्ये साधारण दोन जोड्या तयार करतात. जमिनीवर, तिचा हातभार धरून, हा आकडा सर्वसाधारणपणे दहाच्या घरात जातो. शिवाय विश्वकिरणांचा मारा पहाटे आणि दुपारी जवळपास सारखाच असतो. म्हणून तासागणिक आणि ऋतूगणिक होणाऱ्या बदलाचा उगम जमिनीजवळच शोधावा लागतो.

दुसरा आक्षेप अधिक जवळचा आहे. जिल्ह्याचा बराचसा भाग सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या काळ्या खडकावर वसला आहे, आणि या बेसॉल्टमध्ये युरेनियम, थोरियम ग्रॅनाइटपेक्षा कितीतरी कमी असते. हे मान्यच केले पाहिजे. पण खडकात साठा किती, एवढ्यावरच हिशेब संपत नाही. वायूला बाहेर पडायला वाट किती, हेही पाहावे लागते. रेडॉनचे अर्धायुष्य फक्त 3.8 दिवसांचे. वाट लांबली तर तो मातीतच संपतो. उन्हाळ्यात कापसाच्या काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तेव्हा ही वाट मोकळी होते. पावसाने माती फुगून भेगा बुजल्या की ती अडते. रात्री थंड हवा जमिनीलगत साचते, तिच्यात रेडॉनही साचतो. ऊन चढले की तो वर विखुरतो. बरड जमिनीचा हिशेब वेगळा, आणि चुनखडी व कोळशाचे थर असलेल्या वणीकडचा आणखी वेगळा.

तिसरा आक्षेप मोजमापाचा. आयन धुळीला आणि धुराला चिकटतात, म्हणून पऱ्हाट्या पेटवलेल्या किंवा कोळशाच्या धुळीने भरलेल्या हवेत लहान आयन कमी दिसतील. त्यावरून उत्पत्ती कमी झाली असे म्हणता येणार नाही. हे बरोबर आहे, आणि म्हणूनच आयन, रेडॉन व धूळ तिन्ही एकत्र मोजावे लागतात. सांगली जिल्ह्यातील रामानंदनगर या ग्रामीण ठिकाणच्या आयनांच्या दैनिक आणि ऋतुमानानुसार बदलांचा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. खेड्यात राहून हे काम होते, याचा तो पुरावा आहे. यवतमाळ, पुसद, वणी येथील महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र विभागांनी भेगाळलेल्या रानात एक वर्षभर अशी नोंद ठेवावी. आपल्या मातीचा इतिहास दगडांत वाचला जातो तसा तो हवेतही वाचता येतो.