शेलची पाटी

संगणकाशी व्यवहार म्हणजे पडद्यावरील चित्रांवर बोट ठेवणे, अशी आज सर्वसाधारण समजूत आहे. परंतु कोऱ्या ओळीत शब्द टंकून आज्ञा देण्याची जुनी रीत अद्याप मोडलेली नाही. या रीतीत माणूस आणि यंत्र यांच्यामध्ये जो दुभाष्या बसतो, त्यास 'शेल' म्हणतात. हा शब्द लुई पूझँ या फ्रेंच तज्ज्ञाने मल्टिक्स या प्रणालीसाठी योजिला. तो सर्वतोमुखी केला मात्र युनिक्सने.

१९६९ साली बेल प्रयोगशाळेने मल्टिक्समधून अंग काढून घेतले, आणि केन थॉम्पसन, डेनिस रिची व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेत मरे हिल येथे युनिक्स उभारावयास घेतले. थॉम्पसन यांचा शेल चपळ होता, पण विसराळू. एखाद्या गोष्टीस नाव देऊन ती ध्यानात ठेवणे त्यास ठाऊक नव्हते. पुढे जॉन मॅशी यांनी एकाक्षरी नावांची सोय केली. आणि १९७९च्या सातव्या आवृत्तीबरोबर आलेल्या स्टीफन बोर्न यांच्या शेलने हवे ते नाव ठेवण्याची मुभा दिली. नाव, बरोबरचे चिन्ह आणि मूल्य, एवढे लिहिले की 'चल' तयार! (चिन्हाच्या आजूबाजूस मोकळी जागा मात्र सोडावयाची नाही, नवशिक्यांची पहिली ठेच तेथेच लागते.) हे चल तबकडीवर लिहिले जात नाही. ते स्मृतीतच राहते, आणि शेल मिटला की पाटी पुसली जाते.

पण ही पाटी कोणाची? शेल बहुतेक आज्ञा स्वतः पार पाडीत नाही. त्यासाठी तो एक अपत्य-प्रक्रिया निर्माण करतो. या व्यवस्थेचा चटका युनिक्सच्या जनकांना आरंभीच बसला. रिची यांनी नमूद केले आहे, की ही पद्धत लागू होताच निर्देशिका बदलण्याची आज्ञा अकस्मात निकामी झाली. शोधाअंती उलगडा झाला: निर्देशिका बदलत होती ती अपत्याची, आणि ते अपत्य तत्क्षणी नाहीसे होत होते! अखेर ती आज्ञा शेलच्याच पोटात घालावी लागली. चलांचाही न्याय हाच. 'एक्सपोर्ट' या आज्ञेने खूण केलेले चल अपत्यास मिळतात, पण नक्कल म्हणून. अपत्याने त्यांत केलेला फेरफार मातेकडे परतत नाही. हा एकेरी वारसा अनेकांस गैरसोयीचा वाटतो. वस्तुतः शेकडो प्रक्रिया एकमेकींच्या पाट्यांवर रेघोट्या ओढीत नाहीत, त्याचे श्रेय त्यालाच आहे.

वारशात विषही येऊ शकते, हे पुढे दिसले. ब्रायन फॉक्स यांनी १९८९ साली लिहिलेल्या 'बॅश' या शेलमध्ये चलांच्या द्वारे छोट्या आज्ञावलीही अपत्याकडे धाडण्याची सोय झाली. अपत्य-शेल ती आज्ञावली वाची, आणि ती संपल्यावर पुढे चिकटविलेला मजकूरही मुकाट्याने अमलात आणी. इकडे महाजालावरील सेवायंत्रे परक्या माणसाने धाडलेले शब्द चलांत भरून कार्यक्रमांच्या हाती देत असत. म्हणजे दूरदेशीच्या कोणाही अनोळखी इसमास यंत्रावर हुकूम सोडता येत होता. पाव शतक हे छिद्र कोणाच्या ध्यानी आले नाही. २०१४च्या सप्टेंबरात स्टेफान शाझेलास यांनी शोधलेला हा दोष 'शेलशॉक' या नावाने जगजाहीर झाला, आणि घाईघाईने ठिगळे लावावी लागली. आता अशा आज्ञावलींच्या नावांस विशेष खूण जोडतात. इतर चलांतील मजकूर बॅश निव्वळ मजकूर म्हणूनच वाचतो.