शटरचा आवाज कुणाला ऐकू जातो?

जबलपूरहून मी पुन्हा आपल्यासमोर.

आमच्या शहराला आवाजाची सवय आहे. खमरियाच्या लाँग प्रूफ रेंजवर दारूगोळ्याची चाचणी सुरू झाली, की खिडक्यांची तावदानं थरथरतात आणि चहा पिणारा माणूस मानही वर करत नाही. अशा गावात बसून मी आज एका अगदी बारीक आवाजाबद्दल बोलणार आहे. कॅमेऱ्याचं बटण दाबल्यावर येणारा तो ‘खट्क’.

निमित्त सांगतो. गेल्या हिवाळ्यात मी आणि माझा पुतण्या कान्हाला गेलो होतो. जबलपूरहून साधारण १६० किलोमीटर. सकाळची वेळ, गवतावर दव, समोर बारशिंग्यांचा कळप. मी माझा जुना एसएलआर उचलला आणि एक फोटो घेतला. खट्क. सगळ्यात जवळच्या मादीचे दोन्ही कान आमच्याकडे वळले. पुतण्या हळूच म्हणाला, “काका, प्लीज, तुम्ही आता नका काढू.” त्याच्या हातातला नवा कॅमेरा सेकंदाला वीस फोटो घेत होता आणि त्याचा काहीही आवाज येत नव्हता.

परतीच्या वाटेवर तो म्हणाला, “आवाजाचा प्रश्न आता संपला.” मला तसं वाटलं नाही. का, ते आज सांगतो.

आधी हा आवाज येतो कुठून ते पाहू. एसएलआरमध्ये भिंगाच्या मागे एक तिरका आरसा असतो. बटण दाबलं की आरसा वर आपटतो, शटरचा पहिला पडदा सरकतो, दुसरा सरकतो, आणि आरसा पुन्हा खाली येतो. आपण एक ‘खट्क’ ऐकतो, पण ते चार ठोके असतात. १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत लायका कॅमेरा लोकांसमोर आला. त्यात आरसा नव्हता आणि शटरचा पडदा कापडी होता, म्हणून त्याचा आवाज दबका. रोलायफ्लेक्ससारख्या दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात शटर भिंगातच बसवलेलं, बारीक पात्यांचं. त्याचा आवाज घड्याळाच्या टिकटिकीएवढा.

आता जंगलात या. आम्हा फौजी लोकांना हे लवकर कळतं. रात्री घात लावायला निघण्यापूर्वी प्रत्येक जवानाला जागच्या जागी उड्या मारायला लावतात. काही खुळखुळलं की ते बांधायचं. पाण्याची बाटली अर्धी रिकामी चालत नाही, कारण पाणी डुचमळतं. बंदुकीचा सेफ्टी कॅच दोन बोटांत धरून सरकवायचा, नाहीतर तो टकटक करतो. शंभर पावलांवरच्या माणसाला जे ऐकू येतं, ते वाघाला कितीतरी आधी ऐकू येत असणार.

हिंदुस्थानात ही अडचण दोन माणसांनी दोन तऱ्हांनी सोडवली. पहिले एफ. डब्ल्यू. चॅम्पियन, संयुक्त प्रांताच्या वनखात्यातले अधिकारी. १९२०च्या दशकात त्यांनी वाघाच्या वाटेवर तार बांधली. वाघाचा पाय तारेला लागला, की शटर उघडायचं आणि मॅग्नेशियमच्या पुडीचा भडका व्हायचा. त्यांचं पुस्तक १९२७ साली प्रसिद्ध झालं. चॅम्पियनना आवाजाची फिकीर नव्हती. आवाज होईपर्यंत फोटो मिळालेला असे आणि ते स्वतः तिथे नसत. आज कान्हात वाघांची गणना करण्यासाठी झाडांना जे कॅमेरे बांधतात, ते याच कल्पनेचे वारस आहेत. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, हेही चॅम्पियननी आपल्या फोटोंवरून ओळखलं होतं.

दुसरे जिम कॉर्बेट. त्यांची अडचण मोठी होती, कारण त्यांना चलचित्र हवं होतं. एका ‘खट्क’नंतर वाघ पळाला तरी फोटो हातात राहतो; पण सिनेमाचा कॅमेरा घरघरत राहतो आणि पहिल्या घरघरीलाच वाघ नाहीसा होतो. वर्षानुवर्षं वणवण करून हाती फारसं काही लागेना. शेवटी त्यांनी जंगलातल्या एका ओढ्याकाठी जागा निवडली आणि ओढ्याला बांध घालून लहान लहान धबधबे तयार केले. पाण्याच्या आवाजात कॅमेऱ्याची घरघर बुडून गेली. तिथे दबा धरून त्यांनी काही महिन्यांत सात वाघांचं चित्रण केलं, त्यात एक पांढरी वाघीणही होती. ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’च्या शेवटच्या प्रकरणात त्यांनी ही हकिगत दिली आहे.

ही युक्ती कळायला तुम्ही आमच्या भेडाघाटला या. धुवांधारच्या कठड्यापाशी उभं राहून कितीही खडखडणारा कॅमेरा चालवा, तुमचा तुम्हालाही आवाज येणार नाही. मग खाली येऊन संगमरवरी कड्यांमधून नावेतून जा, वल्ही थांबली की तोच ‘खट्क’ दोन्ही कड्यांवर आपटून परत येईल. म्हणजे आवाज मोठा की लहान, हे भोवतालची शांतता ठरवते.

आता जंगलातून माणसांत येऊ. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला. तो हाताने फिरवायचा. तो कितीही खडखडला तरी ‘राजा हरिश्चंद्र’ला बाधा नव्हती, कारण चित्रपट मुका होता. १९३१ साली ‘आलम आरा’ आला, चित्रपट बोलू लागला आणि कॅमेऱ्याची खडखड अडचणीची झाली. माइक नटाचा संवाद टिपेल तशी शेजारच्या यंत्राची घरघरही टिपणार. जगभरातच बोलपट आले तसे कॅमेरे आवाज दाबणाऱ्या पेट्यांत बंद झाले. सेटवर साधे फोटो काढणाऱ्यालाही पुढे तशीच पेटी घ्यावी लागली. गोल्फच्या मैदानावर आजही शिरस्ता आहे, की खेळाडूची काठी चेंडूला लागेपर्यंत फोटोग्राफरने बटण दाबायचं नाही.

इथपर्यंत सगळे दाखले एकाच बाजूचे आहेत : आवाज वाईट, शांतता चांगली. पण शांततेचा दुसराही उपयोग आहे. १९२८ साली जर्मनीत एरिख सालोमन यांनी हॅटमध्ये कॅमेरा लपवून कोर्टात चाललेल्या खुनाच्या खटल्याचे फोटो काढले. फोटोग्राफीच्या इतिहासात ते गाजले. पण ज्यांचे फोटो निघाले, त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

याच्या उलट आपल्या वर्ध्याजवळच्या सेवाग्रामचं उदाहरण घ्या. गांधीजींचे चुलत नातू कनू गांधी यांना फोटो काढायची इच्छा होती. घनश्यामदास बिर्लांनी १०० रुपये दिले, त्यातून रोलायफ्लेक्स आला. गांधीजींनी तीन अटी घातल्या : फ्लॅश वापरायचा नाही, मला पोझ द्यायला सांगायचं नाही आणि आश्रम याचा खर्च करणार नाही. आवाजाचा या अटींत उल्लेख नाही. पण कॅमेरा नेमका तो, घड्याळासारखा टिकटिकणारा. पोटाशी धरून, मान खाली घालून फोटो काढायचा. गांधीजींना ठाऊक असे की कनू समोर आहे. तो लपलेला नव्हता, फक्त मध्ये येत नव्हता. या दोन गोष्टींतला फरक मला फार मोलाचा वाटतो.

मला तो उशिरा कळला. कसा, ते सांगतो.

१९९०च्या दशकात मी आमच्या एका जवानाचं पार्थिव घेऊन सातारा जिल्ह्यातल्या त्याच्या गावी गेलो होतो. कॅमेऱ्याचा नाद होताच, म्हणून रशियन बनावटीचा एसएलआर बरोबर होता. युनिटच्या संग्रहासाठी फोटो हवेत, असं मी स्वतःला सांगितलं होतं. बिगुल वाजून थांबला. सगळं गाव स्तब्ध. त्या शांततेत मी बटण दाबलं.

तो आवाज मला आजही ऐकू येतो. जवानाच्या आईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. कोण आहे, एवढंच जणू त्या पाहत होत्या. मी कॅमेरा खाली घेतला आणि पुन्हा उचलला नाही. ते निगेटिव्ह माझ्याकडे आहे. त्याची प्रत मी कधी काढली नाही.

पुष्कळ वर्षं मी दोष कॅमेऱ्याच्या आवाजाला दिला. आवाज नसलेला कॅमेरा असता, तर त्या माउलीला त्रास झाला नसता, असं मला वाटे. आता तसा कॅमेरा आला आहे. नव्या कॅमेऱ्यात सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, काहीच हलत नाही, म्हणून आवाजही नाही. त्याचे तोटे आहेत : पुष्कळ कॅमेऱ्यांत वेगाने फिरणाऱ्या पंख्याची पाती वाकडी येतात, काही एलईडी दिव्यांखाली पट्टे उमटतात. पण तेही कमी होत चाललेत. २०२१ साली आलेल्या निकॉन झेड ९मध्ये तर यांत्रिक शटर मुळी बसवलेलंच नाही.

त्या दिवशी माझ्या हाती असा कॅमेरा असता तर काय झालं असतं? मी एक नाही, चाळीस फोटो काढले असते. त्या बाईंनी वळून पाहिलं नसतं. मी थांबलो नसतो. तो ‘खट्क’ माझी चूक नव्हता. चूक त्याच्या आधीच झाली होती, आवाजाने ती फक्त उघड केली. आणि उघड झाली म्हणून मला थांबता आलं.

जगाने हे निराळ्या मार्गाने शोधून काढलं आहे. जपान आणि दक्षिण कोरियात मोबाइलने फोटो काढताना आवाज यावा, अशी व्यवस्था केली गेली, चोरून फोटो काढले जाऊ नयेत म्हणून. कोरियात २००४पासून त्याचं मानक आहे, किमान ६० डेसिबल. म्हणजे जो आवाज घालवायला शंभर वर्षं खपली, तोच मुद्दाम परत आणावा लागला.

म्हणून शटरचा आवाज किती महत्त्वाचा, असं कुणी विचारलं तर मी विचारतो, समोर कोण आहे? बारशिंगा असेल तर आवाज नको. त्याला परवानगी देता येत नाही, फक्त पळून जाता येतं, आणि त्याच्या सकाळच्या चरण्यात मी विघ्न आणू नये. गाण्याच्या मैफलीतही नको, तिथे शेजारचा श्रोता ऐकायला आलेला असतो. पण एकट्यादुकट्या माणसाच्या समोर मला तो आवाज हवा. दारावर टकटक केल्यासारखा. समोरच्याला मान वळवता आली पाहिजे.

पुतण्याच्या आग्रहावरून मीही आता नवा कॅमेरा घेतला आहे. त्याच्या मेनूमध्ये कृत्रिम क्लिकची सोय आहे. कान्हाच्या फाटकातून आत शिरताना मी ती बंद करतो. परतताना फाटकाबाहेरच्या टपरीवर चहाला थांबलो, की कॅमेरा पिशवीत टाकण्याआधी ती पुन्हा चालू करतो.

आज इतकंच. जय हिंद.