उद्योगाची विद्या : नागपूरचा एक धडा

नागपुराहून अमरावतीच्या रस्त्यानें पश्चिमेस निघालें म्हणजे प्रथम लक्ष्मीनारायण यांच्या नांवाची तंत्रविद्येची संस्था लागते, आणि त्याच रस्त्यानें पुढें गेल्यावर वाडी येते. वाडीजवळ अंबाझरीचा संरक्षण-साहित्याचा कारखाना आहे. रस्त्यावर मालमोटारींची रीघ आणि आजूबाजूस गोदामें आहेत. अशा ठिकाणीं वाढलेला मुलगा शालान्त परीक्षा उतरला, कीं वडील माणसांस विचारतो, ‘आतां काय शिकूं?’ आणि त्यास बहुधा एकच उत्तर मिळतें : ‘जो उद्योग वाढत असेल, त्याची विद्या शीक.’ ह्या उत्तरांत तथ्य नाहीं असें कोण म्हणेल? परंतु तें अर्धेंच तथ्य आहे, असें नागपूरचा गेल्या दीडशें वर्षांचा इतिहास सांगतो.

जमशेटजी टाटा यांनीं १८७४ सालीं कंपनी स्थापन केली आणि १ जानेवारी १८७७ रोजीं नागपुरांत एम्प्रेस मिल सुरू झाली. कापूस जवळ, वरोऱ्याचा कोळसा जवळ, आगगाडी तर दारांतच. उणीव होती ती यंत्रावर काम करणाऱ्या माणसांची. हातमागाची परंपरा येथील कोष्ट्यांत होती, पण वाफेच्या यंत्राशीं तिची ओळख नव्हती. फार काय, व्यवस्थापक नेमले गेलेले बेझनजी दादाभाई मेहता हे आगगाडीच्या माल-खात्यांतून आलेले गृहस्थ. कापडाच्या धंद्याचा त्यांस अनुभव नव्हता. जेम्स ब्रुक्सबी या इंग्रज यंत्रज्ञाच्या साह्यानें त्यांनीं गिरणी चालविली. पुढें शिकाऊ उमेदवार घेऊन त्यांस गिरणींतच तयार करण्याची प्रथा जमशेटजींनीं पाडली. म्हणजे येथें कारखाना हीच शाळा झाली.

शाळा आणि कारखाना यांचे मार्ग वेगळे झाले, कीं काय होतें तेंही ह्याच काळांत दिसून आलें. मुंबईस १८८७ सालीं व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. नागपुरांत १९१४ सालीं सरकारी एंजिनियरिंग स्कूल सुरू झालें. ह्या दोहोंच्या मध्यें, १९१२ सालीं, ॲटकिन्सन व डॉसन यांनीं हिंदुस्थान सरकारास एक अहवाल सादर केला. तांत्रिक शाळा आणि मजुरांस काम देणारे मालक यांचा संबंध अधिक निकटचा कसा होईल, हाच त्याचा विषय होता. संबंध निकटचा असता, तर अशा चौकशीची गरजच पडली नसती! दोष एकाच बाजूचा नव्हता. शिकलेल्या तरुणास तेलकट हात नकोसे वाटत. मालकास तयार माणूस हवा असे, पण त्यास तयार करण्याचा खर्च नको असे. आम्हीं अध्यापकांनीं आपल्यापुरता पहिला दोष पदरीं घ्यावा. हातानें होणारें काम हें बुद्धीचें काम नव्हे, ही समजूत आमच्याच वर्गांतून फैलावली.

कामठीचे रावबहादुर डी. लक्ष्मीनारायण यांचें उदाहरण येथें मननीय आहे. त्यांचें वैभव मँगेनीजच्या खाणींतून आलें होतें. १९३० सालीं ते वारले, तेव्हां नागपूर विद्यापीठास सुमारें ३५ लक्ष रुपयांची संपत्ति मृत्युपत्रानें मिळाली. तिचा विनियोग खाणींच्या शिक्षणापुरता झाला असता, तर कोणास नवल वाटलें नसतें. पण ती उपयोजित विज्ञान व रसायनशास्त्र यांच्या शिक्षणासाठीं होती. तींतून १९४२ सालीं संस्था उभी राहिली. रासायनिक अभियांत्रिकी व तैलविद्या हे तिचे मुख्य विषय झाले. प्रांताच्या तेलबियांशीं त्यांचें नातें होतें, पण ते एका धंद्याचे बांधील नव्हते.

पुढचा भाग दुःखाचा आहे. शंभरांहून अधिक वर्षें नागपूरच्या कुटुंबांस पोसणारी एम्प्रेस मिल २००२ सालीं कायमची बंद झाली. ज्याचें सारें कौशल्य एका मागापुरतें होतें, त्याच्या मागासह त्याचें कौशल्यही निकामी झालें. उलट लक्ष्मीनारायणांची संस्था २०२३ सालीं स्वतंत्र विद्यापीठाच्या पदास पोंचली. ह्यावरून महाविद्यालय श्रेष्ठ आणि गिरणी कनिष्ठ, असा निष्कर्ष मात्र कोणीं काढूं नये. संस्थेनें शिकविलें तें निवडक मुलांस; गिरणीनें भाकर दिली ती हजारांस. खरा प्रश्न हा, कीं त्या निवडकांस मिळालेला शास्त्राचा पाया मागावरच्या माणसास कां मिळूं नये?

कारागीर-प्रशिक्षणाची योजना १९५० सालीं आली. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानें उमेदवार घेण्याचें बंधन मालकांवर घातलें. जमशेटजींनीं स्वेच्छेनें केलेलें काम अशा रीतीनें कायद्याचें झालें, हें इष्टच. पण उद्योग स्थिर राहत नाहींत. सरकारी आयुध कारखान्यांचें मंडळ सुद्धां २०२१ सालीं विसर्जित होऊन अंबाझरीचा कारखाना ‘यंत्र इंडिया’ ह्या कंपनीकडे गेला.

म्हणून वाडीच्या मुलास लेथ शिकवा, पण त्याबरोबर मोजमाप, रेखन आणि धातूंचे गुणधर्मही शिकवा. गोदामांत काम करणाऱ्यास पेटी उचलण्यापलीकडे हिशेब आणि यंत्रदुरुस्तीही शिकवा. आजच्या उद्योगासाठीं त्याचा हात तयार व्हावा, आणि उद्याच्या उद्योगासाठीं त्याची बुद्धि. गिरणीचा भोंगा एक दिवस थांबतो, हें नागपुरानें पाहिलें आहे. तो थांबल्यावर कामकऱ्यानें घरीं काय घेऊन जावें, ह्याचा विचार भोंगा वाजत असतांनाच केला पाहिजे.