उस्मानाबाद जिल्ह्यांतील दोन टोकें व मधली वाट (इ. स. १९३७–१९४८)

हैदराबाद संस्थानाच्या अखेरच्या दहा वर्षांचा इतिहास बहुधा दोन प्रकारांनीं लिहिला जातो. एका प्रकारांत रझाकारांच्या जुलमाचें वर्णन सविस्तर येतें व पोलिस कारवाईपाशीं लेखणी थांबते. दुसऱ्यांत लेखणी तेथूनच चालूं लागते व पूर्वीचें कांहींच आठवत नाहीं. दोहोंतहि तथ्य आहे आणि दोन्ही अपुरे आहेत. प्रस्तुत लेखांत एका जिल्ह्यापुरतें पाहून, समाज दोन टोकांस कसा गेला व त्यांत लोकसत्तेची वाट कशी बुजली, याचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जिल्ह्याची तत्कालीन व्याप्ति प्रथम सांगितली पाहिजे. लातूर तेव्हां उस्मानाबाद जिल्ह्यांतच होतें, तें इ. स. १९८२ सालीं वेगळें झालें. मीर उस्मान अलीखान यांच्या नांवावरून धाराशिव गांवास पडलेलें नांव २०२३ सालीं शासनानें बदलून पूर्वीचें नांव पुनः दिलें. लेखाचा काल ध्यानांत घेऊन आम्ही येथें तेव्हांचेंच नांव वापरीत आहों.

या एका जिल्ह्याशीं दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांचा संबंध आला, ही गोष्ट विशेष आहे. हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेंत स्वामी रामानंद तीर्थ यांनीं अध्यापन केलें, आणि लातूर येथें कासिम रझवी वकिली करीत. एक पुढें स्टेट काँग्रेसचे धुरीण झाले, दुसरे मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीनचे अध्यक्ष व रझाकारांचे सेनापति. एकाच मुलुखांत काम करणारीं हीं माणसें एका सभागृहांत समोरासमोर बसून भांडलीं असतीं, तर तें लोकशाहीचेंच लक्षण ठरलें असतें. पण असें सभागृह अस्तित्वांतच नव्हतें.

सनदशीर प्रयत्न झाले नाहींत असें मात्र नाहीं. महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन १९३७ सालीं परतूर येथें व दुसरें १९३८ सालीं लातूर येथें भरलें. त्याच सुमारास जबाबदार राज्यपद्धतीची मागणी घेऊन स्टेट काँग्रेस निघत होती. ती रीतसर स्थापन होण्यापूर्वींच, सप्टेंबर १९३८ मध्यें, ती जातीय संस्था आहे असें म्हणून सरकारनें तिजवर बंदी घातली. ऑक्टोबरांत सत्याग्रह सुरू झाला. पण आर्यसमाज व हिंदुमहासभा यांचीं निराळीं आंदोलनें त्याच वेळीं चालूं झाल्यामुळें तिन्हींचें स्वरूप लोकांस एकच भासूं लागलें, व महात्मा गांधींच्या सल्ल्यानें डिसेंबरांत स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह तहकूब झाला. बंदी १९४६ पर्यंत टिकली. जी संस्था धर्मभेद न मानतां राजकारण करूं पाहत होती तिलाच जातीय ठरविल्यामुळें, खऱ्या जातीय संस्थांस मैदान मोकळें मिळालें, असें आमचें मत आहे.

१९३९ च्या सुधारणांनीं हा भेद कायद्यांत कोरला. संस्थानांत हिंदु शेंकडा ऐंशींच्या वर असतां नियोजित विधिमंडळांत हिंदु व मुसलमान यांस समसमान जागा योजिल्या होत्या, आणि मंत्रिमंडळ त्या सभेस जबाबदार नव्हतें. मतदारानें स्वतःस आधीं एका धर्माचा म्हणून मोजावें व मग नागरिक म्हणून, अशीच ती योजना होती. १९४६ च्या निवडणुकीवर स्टेट काँग्रेसनें बहिष्कार घातला. सभागृह भरलें, पण प्रजेचा मोठा भाग त्याच्या बाहेरच राहिला. दोन वर्षांत वाद सभेंतून निघून हत्यारांवर गेला. रझाकारांनीं गांवोगांव खंडणी, लूट व खून केले, आणि सोलापूरच्या सरहद्दीवर काँग्रेस कार्यकर्त्यांचीं सशस्त्र ठाणीं उभीं राहिलीं.

तरीहि मध्यें उभे राहणारे लोक होते. ऑगस्ट १९४८ मध्यें सात मुसलमान गृहस्थांनीं रझाकार संघटना मोडावी व संस्थान हिंदुस्थानांत सामील व्हावें असें जाहीर पत्रक काढलें. तें ‘इमरोज’ पत्राचे संपादक शोएबुल्लाखान यांनीं प्रसिद्ध केलें. २१-२२ ऑगस्टच्या रात्रीं त्यांचा खून झाला. आपल्याच समाजांतील असहमत मनुष्य शत्रूहून अधिक असह्य वाटूं लागला, म्हणजे द्वेषाची परिसीमा झाली असें समजावें.

१३ सप्टेंबर १९४८ रोजीं हिंदी फौज सोलापुराकडून नळदुर्गास येऊन पुढें सरकली, आणि १७ तारखेस संस्थान शरण आलें. तदनंतरच्या सूडाची चौकशी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार व मौलाना अब्दुल्ला मिसरी यांच्या समितीनें वर्षाखेरीस केली. सर्वांत अधिक हानि झालेल्या चार जिल्ह्यांत तिनें उस्मानाबादचें नांव घातलें. इतर तीन गुलबर्गा, बिदर व नांदेड. या चोहोंत मिळून निदान अठरा हजार माणसें मारलीं गेलीं, व एकट्या लातुरांत हजारांवर, असा तिचा अंदाज होता. प्राणाची पर्वा न करतां मुसलमान शेजाऱ्यांस वांचविणाऱ्या हिंदूंचीहि नोंद तिनें केली. सरकारनें हा अहवाल तेव्हां प्रसिद्ध केला नाहीं; तो कित्येक दशकें दप्तरांत पडून होता.

येथें संग्राहकांचा संबंध येतो. संस्थानचा कारभार उर्दूंत होता. गांवच्या वह्या मोडींत व मराठींत. ज्या घरीं उर्दू वाचतां येत नाहीं तेथें ते कागद रद्दींत जातात. ज्या घरचीं माणसें परागंदा झालीं तेथील दप्तर उरतच नाहीं. परिणामीं साधनेंच एकपक्षी होतात, व पुढील पिढीस तंटा तेवढा वारशानें मिळतो. परिषदांचे ठराव, खंडणीच्या पावत्या, निर्वासितांचे अर्ज, वकिलांचीं बाडें, मशिदींच्या व देवस्थानांच्या इनामांचे कागद, हें सर्व एकाच बस्त्यांत बांधून ठेवण्याजोगें आहे. प्रतिपक्षाचें म्हणणें नोंदीस राहूं देणें हा लोकसत्तेचा पहिला नियम होय. इतिहाससंशोधनाचाहि तोच आहे. उस्मानाबाद जिल्ह्यांत तो नियम मोडल्यावर काय झालें, हें वर दाखविलेंच आहे.