यंत्रापाशी रंगलेल्या गप्पांचं पुढे काय झालं

झेरॉक्स कंपनीचं '९१४' हे प्रती काढणारं यंत्र १९५९ साली बाजारात आलं, तेव्हा त्याचं वजन होतं जवळजवळ २९४ किलो. ते इतकं तापायचं, की आत अडकलेला कागद पेट घेईल अशी धास्ती असे. म्हणून कंपनी सोबत आग विझवायचं एक नळकांडंही द्यायची, पण त्याचं नाव ठेवलं होतं 'स्कॉर्च एलिमिनेटर'. आगीचा उल्लेख विक्री करणाऱ्यांना नको होता! एवढं महाग धूड विकत कोण घेणार? म्हणून ते भाड्याने देण्याची टूम निघाली. महिन्याला ९५ डॉलर, त्यात पहिल्या २,००० प्रती, पुढच्या प्रत्येक प्रतीला ४ सेंट. या हिशेबात एक मेख होती. यंत्र बंद पडलं की गिऱ्हाईक बोंब मारायचंच, पण कंपनीची कमाईही तिथल्या तिथे थांबायची. त्यामुळे हत्यारांची पेटी घेऊन गावोगाव फिरणारा दुरुस्तीवाला या धंद्यात पहिल्यापासून महत्त्वाचा होता.

महत्त्वाचा खरा, पण हुशार मानलेला नव्हे. हुशारी मॅन्युअलात असते, असा मुख्यालयाचा समज. यंत्रावर अमुक आकडा दिसला तर हे तपासा, बरोबर असेल तर पुढच्या पानावर जा, नसेल तर हा भाग बदला. मॅन्युअलाची ही वाट मुकाट चालली की दुरुस्ती झालीच पाहिजे. आपल्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात कोपरापर्यंत हात आत घालून बसलेला मेकॅनिक ज्याने पाहिला आहे, त्याला या समजाबद्दल वेगळं सांगायला नको.

१९८०च्या दशकात ज्यूलियन ऑर नावाचा माणूस या लोकांच्या मागे लागला. पालो आल्टोमधल्या झेरॉक्सच्याच 'पार्क' या संशोधन केंद्रात तो होता. पूर्वी स्वतः दुरुस्तीची कामं केलेली, पुढे मानववंशशास्त्राकडे वळलेला. एरवी ही विद्या शिकलेली मंडळी दूरच्या वाड्या-वस्त्यांवर जातात. हा दुरुस्तीवाल्यांबरोबर गिऱ्हाइकांकडे, नाश्त्याला, जेवायला जाऊ लागला. त्याला दिसलं ते असं, की खरं काम या खाण्यापिण्याच्या टेबलावर चालतं. कुठलं यंत्र काय खोड्या करतं, कोणी कशी फजिती करून घेतली आणि मग काय सुचलं, याच्या गोष्टी रंगवून सांगितल्या जातात. वेळेचा हिशेब ठेवणाऱ्याच्या लेखी हा सगळा वेळ वाया गेलेला.

ऑरने नोंदवलेला एक प्रसंग तर अभ्यासकांच्या जगात गाजला. एक यंत्र सारखं बंद पडत होतं आणि दर वेळी 'ई-०५३' हा दोष दाखवत होतं. मॅन्युअलाप्रमाणे करायचं ते सगळं करून झालं, पण गुण नाही. दुरुस्तीवाल्याने आपल्याहून जाणत्या तज्ज्ञाला बोलावलं. त्यालाही उमगेना. नवीन यंत्र आणून बसवणं शक्य होतं, पण मग गिऱ्हाइकासमोर दोघांचीही नाचक्की. मग दोघं यंत्र चालवून बघत, ते बंद पडलं की डोकं खाजवत, आणि मधल्या वेळात एकमेकांना जुने किस्से सांगत बसले. तसं झालं होतं, पण तेव्हा हा भाग नवीन होता; आणि त्या दुसऱ्या ठिकाणी तर आकडा वेगळा होता. असं करता करता धागा सापडला. विद्युतभार देणाऱ्या 'डायकोरोट्रॉन' या भागात ठिणगी उडाली की पूर्वी एक सर्किट बोर्ड जळून जायचा. कंपनीने त्या बोर्डात सुधारणा केली. आता तो जळत नव्हता, पण ठिणगीच्या झटक्याने २४ व्होल्टचा पुरवठा तुटून यंत्रच बंद पडे आणि पुन्हा सुरू झालं की भलत्याच जागी बोट दाखवणारा ई-०५३ पुढे करी. म्हणजे सुधारणेनेच रोगाचं लक्षण बदललं होतं, आणि मॅन्युअलाला त्याचा पत्ता नव्हता. पत्ता लागला तो दोन डोक्यांतले अर्धेमुर्धे किस्से जुळवून.

ऑरचं 'टॉकिंग अबाउट मशीन्स' हे पुस्तक १९९६ साली आलं. त्याच सुमारास, १९९५ मध्ये, इकुजिरो नोनाका आणि हिरोताका ताकेउची यांनी जपानी कंपन्यांवर लिहिलेल्या पुस्तकाने 'नॉलेज मॅनेजमेंट' हा शब्दप्रयोग व्यवस्थापकांच्या तोंडी बसवला. ओसाकाच्या हॉटेलातल्या मुख्य पावभट्टीवाल्याकडून कणीक ताणण्याची लकब शिकून मात्सुशिताने घरगुती पाव-यंत्र कसं सुधारलं, ही त्यातली गोष्ट सगळ्यांना पाठ झाली. माझ्या मते ऑरची गोष्ट त्याहून सकस आहे. पाववाल्याची लकब एकदा यंत्रात उतरली की संपलं. दुरुस्तीवाल्यांच्या पुढ्यात मात्र रोज नवं दुखणं येतं.

या दुरुस्तीवाल्यांच्या मदतीसाठी पार्कमधल्या संगणकवाल्यांनी आधी वेगळाच घाट घातला होता. यंत्राच्या रचनेवरून दोष हुडकणारी एक तज्ज्ञ प्रणाली त्यांनी तयार केली. दुरुस्तीवाल्यांना दाखवली, तर त्यांनी तोंडभरून कौतुक केलं आणि म्हणाले, यातलं आम्हाला येतं. आम्ही अडतो ते कोणालाच ठाऊक नसलेल्या दोषांपाशी. हे ऐकून संशोधकांनी आपला आराखडा बाजूला ठेवला, याचं मला अजून नवल वाटतं. सहसा अशा वेळी 'लोकांना प्रशिक्षण द्या' असा शेरा मारला जातो.

मग फ्रान्समध्ये प्रयोग झाला. तिथल्या दुरुस्तीवाल्यांनी आपापल्या क्लृप्त्या वह्यांत, चिठ्ठ्यांवर टिपून ठेवलेल्या होत्याच. त्यांच्यासाठी एक साचा ठरला: लक्षण काय, कारण काय, तपासायचं कसं, करायचं काय. कोणीही टीप पाठवावी. ती यंत्राची नस माहीत असलेल्या त्याच धंद्यातल्या माणसांनी पारखावी, लिहिणाऱ्याशी बोलून दुरुस्त करावी आणि मगच सगळ्यांसाठी खुली करावी. इंटरनेट घराघरांत पोचलेलं नव्हतं, पण फ्रान्सपाशी टेलिफोनच्या तारांवर चालणारं 'मिनिटेल' होतं. टिपा त्यावरून फिरू लागल्या. या व्यवस्थेचं नाव 'युरेका'. फ्रान्सनंतर ती कॅनडात गेली, मग अमेरिकेत.

प्रत्येक टिपेमागे काही पैसे द्यावेत, असा विचार पुढे आला होता. दुरुस्तीवाल्यांनीच तो नाकारला. पैसे लावले की टिपांचा पाऊस पडेल, धान्यात खडे येतील आणि पारखणाऱ्यांचा जीव निवडण्यातच जाईल, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. त्यांनी मागितलं एवढंच, की टिपेखाली लिहिणाऱ्याचं नाव असावं. नाव आल्यावर थापा मारायची सोय उरत नाही, आणि चार शहरांतले लोक 'त्या अमक्याची टीप' म्हणून ओळखू लागतात, हा फायदा वेगळाच. न्याहारीच्या टेबलावर गोष्टीबरोबर सांगणाराही ओळखीचा असायचा; तेवढं या व्यवस्थेने शाबूत ठेवलं. पुढे कंपन्या-कंपन्यांतून जी 'नॉलेज पोर्टल्स' उभी राहिली, त्यांतल्या कित्येकांत टिपा भरण्याचे कोटे होते, बक्षिसं होती, आणि फायली भरून झाल्यावर तिकडे कोणी फिरकतही नव्हतं.

युरेकाची ब्राझीलमधली एक गोष्ट झेरॉक्सच्या संशोधकांनी आवर्जून नोंदवली आहे. तिथल्या एका गिऱ्हाइकाकडचं मोठं रंगीत यंत्र काही केल्या दुरुस्त होईना. ते बदलून देण्याचा खर्च सुमारे ४०,००० डॉलर, आणि तसं ठरतच आलं होतं. तेवढ्यात दुरुस्तीवाल्याला मॉन्ट्रियलमधल्या एका सहकाऱ्याची टीप सापडली. त्याने तीत सांगितलेला काही सेंटांचा भाग बदलला आणि यंत्र सुरू झालं. त्या दोघांची कधी भेट झालेली नव्हती.