उलटें द्रवण

जामनेरच्या एखाद्या घरांत सकाळीं चहासाठीं गॅसच्या टाकीची कळ फिरविली, कीं आंतला दाब उतरतो आणि द्रवरूप इंधन वायु होऊन शेगडीकडे धांवतें. दाब चढला कीं वायूचा द्रव, उतरला कीं द्रवाचा वायु, हा नियम गृहिणीला कोणी शिकवावा लागत नाहीं.

परंतु १८९२ सालीं हॉलंडमध्यें योहानेस क्यूनेन ह्या तरुण पदार्थविज्ञानवेत्त्याला वायूंच्या मिश्रणांत ह्याच्या अगदीं उलट प्रकार दिसला. विशिष्ट उष्णतामानांत दाब वाढवीत नेतां नळींत प्रथम जमलेला द्रव पुढें नाहींसा होई, आणि दाब उतरवितांच पुन्हां प्रकट होई! ह्याला प्रतिगामी द्रवण असें नांव पडलें. त्या वेळीं ती केवळ प्रयोगशाळेंतील नवलाई होती.

हीच नवलाई पुढें खोल विहिरींना नडली. भूगर्भांतील कांहीं वायुसाठ्यांत जड घटक प्रचंड दाबामुळेंच वायुरूप असतात. विहिरींतून वायु उपसूं लागलें कीं तिच्या तोंडाशीं दाब सर्वांत अधिक उतरतो, आणि तेथेंच खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत द्रव जमून वायूची वाट अडते. सुमात्रा बेटावरील अरुण क्षेत्राचा साठा १९७१ सालीं सांपडला. प्रयोगशाळेच्या हिशेबानें तेथें सुटणारा द्रव दोन टक्क्यांहूनही कमी, तरी पुढें विहिरींची वायु देण्याची शक्ति सुमारें निम्म्यानें घटली. अडथळा केवढा, ह्यापेक्षां तो कोठें बसला, हेंच येथें निर्णायक ठरलें.

उपाय दोन प्रकारचे. कोरडा वायु पुन्हां जमिनींत कोंबून दाब राखणें हा जुना, पण खर्चाचा. दुसरा द्रावकाचा. अमेरिकेंत अलाबामा संस्थानांतील हॅटर्स पाँड येथें एका मंदावलेल्या विहिरींत सुमारें १,००० पिंपें मिथेनॉल सोडण्यांत आलें. मिथेनॉल पाण्यांत मिसळतें, हलक्या तेलालाही आपल्यांत घेतें, आणि वायूबरोबर सहज बाहेर पडतें. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तांताप्रमाणें त्यानंतर वायूचें उत्पादन जवळजवळ दुप्पट झालें.

तथापि द्रावक निघून गेला कीं दाब पूर्वीइतकाच उणा, आणि द्रव पुन्हां जमूं लागतो. म्हणून केवेन ली व अब्बास फिरोजाबादी ह्यांनीं २००० सालीं वेगळी दिशा सुचविली होती: द्रव धुवून काढण्याऐवजीं रसायनानें खडकाचाच स्वभाव असा पालटावा, कीं द्रव त्याला चिकटूंच नये.