खोपोलीची वीज आणि मृगातील तेजोमेघ

रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत तेजोमेघांची छायाचित्रे घेणाऱ्यांचा विचार करताना दुर्बिणीच्या आधी विजेचा इतिहास पाहावा लागतो. टाटा जलविद्युत कंपनीने लोणावळ्याच्या परिसरात साठवलेले पावसाचे पाणी मोठ्या नळांतून सह्याद्रीच्या कड्याखाली सुमारे पाचशे मीटर उतरवले आणि १९१५ मध्ये खोपोलीच्या वीजगृहातून मुंबईला वीज मिळू लागली. पुढे १९२२ मध्ये आंध्रा नदीच्या अडवलेल्या पाण्यावर कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे वीजगृह सुरू झाले. गिरण्या चालवणाऱ्या या विजेच्या बळावर जे महानगर वाढले, त्याच्या दिव्यांची कड पुढे नवी मुंबई आणि पनवेलपर्यंत सरकली, तर २००२ मध्ये पूर्ण झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गामागोमाग खालापूरच्या भातशेतीच्या पट्ट्यातही प्रखर दिवे आले. मुंबईला आता वीज अनेक ठिकाणांहून मिळते. परंतु ज्या तालुक्यांनी तिला आरंभी प्रकाश पुरवला, त्यांच्याच पश्चिम आकाशावर त्या प्रकाशाची पिवळट झिलई रात्रभर राहते, ही गोष्ट या प्रदेशाच्या इतिहासात नोंदवण्याजोगी आहे.

तेजोमेघ म्हणजे ताऱ्यांमधील अवकाशात पसरलेले वायू आणि धूळ यांचे विरळ ढग होत. त्यांपैकी मृग नक्षत्रातील मोठ्या तेजोमेघाचे पहिले छायाचित्र अमेरिकेत हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी, काचेची पट्टी ५१ मिनिटे प्रकाशाला उघडी ठेवून घेतले. १८८३ मध्ये इंग्लंडच्या अँड्र्यू कॉमन यांच्या छायाचित्रात तर दुर्बिणीतूनही डोळ्यांना न दिसलेले तारे उमटले. घाटापलीकडे पुण्यात, १८८८ मध्ये स्थापन झालेल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेत, कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी परावर्तक दुर्बिणीने याच तेजोमेघाचा वर्णपट अभ्यासला आणि त्यातील प्रमुख हिरवी रेषा बारीक व रेखीव असल्याचे १८९१ मध्ये प्रसिद्ध केले. ती रेषा मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा भाग असावी, या नॉर्मन लॉकियर यांच्या मताला त्यामुळे धक्का बसला. ती रेषा ऑक्सिजनची आहे, हे आयरा बोवेन यांनी १९२७ मध्ये दाखवले. महाराष्ट्रातील तेजोमेघांच्या अभ्यासाचा आरंभ एवढा जुना आणि एवढा भक्कम आहे, याची आठवण फारशी ठेवली जात नाही.

मुंबईतील हौशी निरीक्षकांना मात्र अंधाराच्या शोधात मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गाने शहराबाहेर पडावे लागले. हॅलेच्या धूमकेतूच्या १९८५-८६ मधील आगमनाच्या सुमारास स्थापन झालेल्या खगोल मंडळाने कर्जत तालुक्याच्या सीमेलगत, ठाणे जिल्ह्यातील वांगणी येथे रात्रभराचे आकाशदर्शन रुजवले. लोकलने पोहोचता येईल असा अंधार, हे या पट्ट्याचे वैशिष्ट्य होते.

फिल्मच्या काळात छायाचित्र कसे आले, हे ती धुतल्यावरच कळत असे. आता कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्र लगेच दिसते, परंतु खरे काम त्यानंतर संगणकावर सुरू होते. मृगातील तेजोमेघ कर्जतहून दक्षिणेला सुमारे ६६ अंशांच्या उंचीवर येतो, त्यामुळे थंडीच्या दिवसांत नवशिक्याने त्याच्यापासूनच आरंभ करणे सोयीचे ठरते. ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणाऱ्या साधनावर, म्हणजे ट्रॅकरवर, एकाच दृश्याची अनेक छायाचित्रे घेतली जातात; लेन्स झाकून त्याच तापमानाला तेवढ्याच कालावधीची ‘डार्क’ चित्रे घेतली जातात, जी वजा केल्यावर संवेदकाचे स्वतःचे दोष निघून जातात; एकसारख्या उजळ पृष्ठभागाच्या ‘फ्लॅट’ चित्रांनी भागल्यावर धुळीचे डाग आणि कडांचा काळोख नाहीसा होतो. मग सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर यांसारख्या विनामूल्य प्रणालीत ताऱ्यांच्या जागा जुळवून सर्व चित्रांची सरासरी काढतात. यालाच स्टॅकिंग म्हणतात. एवढे करूनही जे चित्र हाती येते ते जवळजवळ काळे असते, आणि त्यातील मंद भाग उजळवण्यासाठी ‘स्ट्रेच’ करताच, म्हणजे अंधुक छटा ताणून वेगळ्या करताच, शहरी उजेडामुळे चित्राची एक बाजू तपकिरी-नारिंगी होऊन वर येते. डिसेंबरमध्ये सह्याद्रीवरून उगवणाऱ्या मृगाच्या चित्रात ही बाजू सौम्य असते. मार्चच्या संध्याकाळी मृग पनवेलच्या दिशेला कलल्यावर तीच संपूर्ण चित्र व्यापते.

यावर उपाय म्हणून चित्रातील तारे व तेजोमेघ यांखेरीजच्या जागा निवडून आकाशाच्या उजेडाचा चढउतार मोजतात आणि तो मूळ चित्रातून वजा करतात. स्ट्रेच करण्यापूर्वीच हे करावे, हा नवशिक्याने पाळावा असा पहिला नियम होय. निवडीचा बिंदू तेजोमेघाच्या मंद किनारीवर पडला, तर ती किनारही उजेडाबरोबर पुसली जाते. हायड्रोजनचा लाल आणि नायगमवालांनी तपासलेल्या त्याच ऑक्सिजन-रेषेचा हिरवा प्रकाश तेवढा आत सोडणारे गाळणभिंग पुष्कळ साहाय्य करते, तथापि साध्या कॅमेऱ्याच्या संवेदकापुढील काच हायड्रोजनचा बराचसा लाल प्रकाश अडवते, म्हणून रोझेटसारखे तेजोमेघ त्यात फिके येतात.

वजाबाकीने उजेडाची सरासरी जाते, पण त्या उजेडाने आणलेली दाणेदार अनियमितता, म्हणजे नॉइज, मागे राहते. ती निम्मी करायची तर चौपट चित्रे घ्यावी लागतात. हरवलेला अंधार कोणतीही संगणक-प्रणाली पूर्णपणे परत देऊ शकत नाही. म्हणून खोपोली व कर्जतच्या नगरपरिषदांनी, गावोगावच्या ग्रामपंचायतींनी आणि नव्याने उभ्या राहणाऱ्या फार्महाऊसच्या मालकांनी आकाशाकडे उजेड फेकणारे दिवे काढून झाकण असलेले, जमिनीकडे तोंड केलेले दिवे बसवावेत.